जागतिक माध्यमं आणि नागपूरची सांस्कृतिक ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये, वाचनालयांत आणि गणेश मंडळांच्या व्याख्यानांत या विषयावर बोलायला गेलं की काही प्रश्न दरवेळी समोर येतात. पालक विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, कधी नाटकवाले आणि भजनी मंडळांतले लोकही विचारतात. ते प्रश्न आणि मला पटलेली उत्तरं इथे दिली आहेत. सगळ्यांना ती पटतीलच असं नाही.

जागतिक माध्यमं नागपुरात आली तरी कधी?

सिनेमा आणि रेडिओ फार आधीपासून होते. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. पण आज आपण ज्या अर्थाने हा शब्द वापरतो, त्याची सुरुवात १९९१ ची. त्या जानेवारीत आखाती युद्धाची थेट दृश्यं सीएनएनवर दिसली, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी आलं. गल्लीतल्या केबलवाल्याने गच्चीवर डिश लावली आणि तारा घराघरांत गेल्या. दुसरा टप्पा २०१६ चा. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं आणि सप्टेंबरात जिओ. मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला की घरात एक टीव्ही ही गोष्टच मागे पडली. आजी, नातू आणि सून आपापल्या पडद्यावर वेगवेगळं पाहू लागले.

या दोन टप्प्यांत एक मोठा फरक आहे. केबलच्या काळात काय दाखवायचं हे कुठल्या तरी कार्यालयातला माणूस ठरवायचा. आता ते शिफारस करणारी यंत्रणा ठरवते. तुम्ही कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलात, शेवटपर्यंत पाहिला का, कोणाला पाठवला, हे ती मोजते आणि त्यासारखंच पुढे ठेवते. तुमच्या संस्कृतीशी तिचं वैरही नाही आणि नातंही नाही. जे जास्त लोक जास्त वेळ पाहतात ते वर येतं. त्यामुळे ज्या भाषेचे प्रेक्षक मुळात कमी, तिला वर यायला जड जातं.

म्हणजे इंग्रजी आणि अमेरिकेमुळे आपली मराठी संस्कृती धोक्यात आहे, असंच ना?

नागपुरापुरतं बोलायचं तर हे अर्धंच खरं आहे. इथल्या बोलण्या-चालण्यावर इंग्रजीपेक्षा जास्त दाब हिंदीचा आहे, आणि मराठीच्या आत पाहिलं तर पुण्या-मुंबईचा.

हिंदीचं नातं जुनं आहे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. इथला भाजीवाला, रिक्षावाला, वकील हे सगळे पिढ्यानपिढ्या दोन्ही भाषांत व्यवहार करत आले. त्यामुळे 'पूर्वी सगळं शुद्ध होतं, टीव्हीने बिघडवलं' ही मांडणी नागपूरला लागूच पडत नाही. हे शहर मिसळीतूनच उभं राहिलं आहे. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

दुसऱ्या दाबाबद्दल मात्र फार कमी बोललं जातं, आणि मला तोच जास्त टोचतो. भुलाबाईचं उदाहरण घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात घरोघरी भुलाबाई-भुलोजींच्या मूर्ती मांडल्या जायच्या. संध्याकाळी मुली जमून गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खाऊ ओळखायचा. पश्चिम महाराष्ट्रात याच सुमारास भोंडला असतो. दोन्ही आपलेच. पण मराठी मालिकांत दिसतो तो भोंडला, शाळेच्या कार्यक्रमात येतो तो भोंडला. आता नागपुरातल्या वसाहतींमध्येही पाटावर हत्ती काढून भोंडला होतो आणि भुलाबाईची गाणी आजीच्याच तोंडी उरली आहेत. हे कोणी परदेशी कंपनीने केलेलं नाही. जगाचं जे काही येतं ते मुंबईच्या गाळणीतून आपल्यापर्यंत येतं, आणि त्या गाळणीत विदर्भ फारसा उरत नाही.

माझा मुलगा कार्टून पाहून हिंदीच बोलतो. मोबाइल बंद करावा का?

वेळ कमी करा, पण नुसतं बंद करून मराठी येणार नाही. पडद्यावर ऐकलेल्या आवाजांतून लहान मूल भाषा फारशी शिकत नाही; समोरच्या माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून शिकतं. पॅट्रिशिया कूल या अमेरिकी संशोधिकेने २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांच्या एका गटाशी चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, दुसऱ्या गटाला तीच माणसं पडद्यावर दाखवली. पहिल्या गटातली बाळं चिनी ध्वनी ओळखायला शिकली, पडद्यावाली शिकली नाहीत.

मग आपली मुलं डोरेमॉनची हिंदी कशी बोलतात? कारण पडद्याबाहेरही तिला उत्तर मिळतं. मूल हिंदीत काही मागतं आणि आईबाबा कौतुकाने हिंदीतच उत्तर देतात. खाली खेळायला गेलं की मित्र हिंदी बोलतात. म्हणून मुलाने हिंदीत विचारलं तरी तुम्ही मराठीत उत्तर द्या. त्याला टोकू नका, चूक काढू नका, फक्त तुमची बाजू मराठीत ठेवा. आजी-आजोबांशी रोज थोडा वेळ बोलणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, गावाकडचे असतील तर व्हिडिओ कॉलवर; त्या कॉलवर कोणीतरी मुलाला उत्तर देत असतं. मुलाला हिंदी आली तर आनंदच माना. मराठीची जागा मात्र घरात रिकामी होऊ देऊ नका.

वऱ्हाडी बोलीतले रील्स खूप चालतात. ही बोलीची प्रतिष्ठा वाढली म्हणायची की थट्टा?

दोन्ही घडतंय, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी चांगलं. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या विदर्भातल्या कलाकारांनी टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमांतून ही बोली महाराष्ट्रभर पोचवली. पुण्यात शिकायला गेलेली नागपूरची मुलं पूर्वी 'काय करून राहिला' म्हणताना जीभ चावायची. आता तीच मुलं त्या बोलीत व्हिडिओ करतात आणि लाखो लोक ते पाहतात. ही लाज गेली हे फार मोठं काम झालं.

पण पाहा, या व्हिडिओंत बोली कोणाच्या तोंडी असते? भोळा शेतकरी, चिडकी बायको, दारूडा नवरा, गावठी मास्तर. हसवायचं असेल तर वऱ्हाडी. गंभीर बोलायचं झालं की तोच माणूस एकदम पुस्तकी मराठीत शिरतो. यंत्रणेला हसणं लवकर कळतं, त्यामुळे हसवणारं तेवढंच पुढे जातं. हळूहळू बोलीचा एकच उपयोग उरतो.

प्रतिष्ठेची कसोटी मी अशी लावते: या बोलीत कोणी प्रेमाची कबुली देतं का? कापसाच्या भावावर वाद घालतं का? आजाराची माहिती सांगतं का? उद्धव शेळके यांनी अर्धशतकाहून जास्त काळापूर्वी वऱ्हाडी बोलीतून एका कष्टकरी बाईच्या संसाराची होरपळ कादंबरीत आणली, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचं चक्रधरस्वामींचं चरित्र, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला. ज्या मातीत मराठी गद्य उभं राहिलं तिथली बोली फक्त विनोदाला योग्य, हे आपण स्वतःच का मान्य करावं? जे तरुण रील करतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की चार हसवणारे करा, पण पाचवा असा करा की पाहणारा गप्प होईल.

'सांस्कृतिक साम्राज्यवाद' हा शब्द अभ्यासक्रमात आहे. तो आजही लागू आहे का?

हर्बर्ट शिलर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात ही मांडणी ठळक केली. श्रीमंत देशांच्या, मुख्यतः अमेरिकी कंपन्या चित्रपट, बातम्या आणि जाहिराती जगाला विकतात आणि त्यांच्याबरोबर आपली जीवनशैलीही विकतात, असा त्याचा गाभा. १९८० साली युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगानेही बातम्यांचा प्रवाह एकतर्फी असल्याचं नोंदवलं.

पुढे यावर आक्षेप आले. प्रेक्षक म्हणजे रिकामं भांडं नव्हे, तो पाहिलेलं आपल्या परीने लावतो, असं अनेकांनी दाखवून दिलं. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९९० च्या दशकात सांगितलं की माणसं, पैसा, तंत्र, प्रतिमा आणि विचार यांचे प्रवाह वेगवेगळ्या दिशांनी वाहतात, सगळं एकाच केंद्रातून येत नाही. आणि जी संस्कृती जवळ व मोठी असते तिची भीती लहान समाजांना अमेरिकेपेक्षा जास्त वाटते, हेही त्यांनी म्हटलं. भोंडला-भुलाबाईचं वर सांगितलं ते याच जातीचं.

परीक्षेत दोन्ही बाजू लिहा. माझं मत विचाराल तर शिलर आशयाच्या बाबतीत कमी आणि मालकीच्या बाबतीत जास्त बरोबर ठरले. आज नागपूरचा मुलगा स्वतःचा व्हिडिओ करतो, हे त्यांच्या मांडणीत बसत नाही. पण तो ज्या मंचावर टाकतो त्याचे नियम, जाहिरातीचा वाटा आणि यंत्रणा यांवर त्याचा काडीचाही अधिकार नसतो. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलामुलींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. बंदीची कारणं काहीही असोत, आपलं सगळं काम परक्याच्या जागेत ठेवण्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

रील्समुळे मारबतीचा उत्सव बिघडतोय का?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, लहान मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत असतात आणि त्याच दिवशी इतवारी-महालच्या जुन्या वस्तीतून काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. सव्वाशेहून जास्त वर्षांची ही प्रथा आहे. सोबत बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, त्या त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचा पुतळा होतो, आणि 'घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी देत शेवटी सगळं जाळलं जातं.

आता ड्रोन येतात, डीजे येतात, कोपऱ्याकोपऱ्यावर मोबाइल उंचावलेले दिसतात. गर्दी वाढली, आवाज वाढला. आरोळी डीजेखाली दबते याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या आरोळीतच उत्सवाचा जीव आहे. पण मारबत बिघडली असं मी म्हणणार नाही. तिची घडणच अशी आहे की बाहेरचं जे येईल ते ती पोटात घेते. जगाच्या बातम्यांतलं संकट इथे बांबू आणि कागदाचं होऊन रस्त्यावर येतं आणि नागपूरकर त्याला आपल्या शब्दांत शिव्या घालतो. बाहेरच्या आशयाला आपल्या पद्धतीने हाताळणं म्हणजे काय, हे याहून चांगलं कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

धोका वेगळीकडे आहे. मारबत बांधणारी घरं आणि कारागीर मोजके आहेत. कॅमेरे मिरवणुकीवर असतात. बांबूचा सांगाडा कसा बांधतात, रंग कसा चढवतात, कोण करतं, याचं चित्रण क्वचितच दिसतं. व्हिडिओ करणाऱ्यांनी मिरवणुकीच्या दिवसाऐवजी आधीचे पंधरा दिवस तिथे जावं.

स्थानिक संस्कृती जपायची म्हणता, पण तिच्यात जातही आहे. तीही जपायची?

नाही. आणि हा प्रश्न नागपुरात विचारला जातो याचा मला अभिमान आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या लोकांसाठी 'गावची परंपरा' म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती आणि वेगळा पाणवठा. ती परंपरा त्यांनी जपली नाही, सोडली, आणि नवी ओळख घडवली. ती घडवणारा माणूस कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकलेला होता, आणि त्यानेच १९२० साली 'मूकनायक' काढून मराठीत आपलं वृत्तपत्र उभं केलं होतं. जगाचे विचार आणि आपल्या लोकांची भाषा, दोन्ही एकाच हातात होते.

पुढेही तसंच घडत गेलं. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई नागपूरचे झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानी मदतीतून उभं राहिलं. दीक्षाभूमीचा सोहळा आज घरबसल्या जगभर पाहिला जातो, भीमगीतं कॅसेटवरून यूट्यूबवर आली, आणि २०२३ साली धम्मचक्र प्रवर्तनाच्याच तारखेला अमेरिकेत मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा मोठा पुतळा उभा राहिला. ज्या समाजाला मुख्य प्रवाहातल्या वृत्तपत्रांनी दशकानुदशकं कोपऱ्यात ठेवलं, त्याने जागतिक माध्यमांतून स्वतःचा आवाज मिळवला. 'बाहेरचं म्हणजे वाईट, आपलं म्हणजे चांगलं' असं सरसकट बोलणाऱ्याने एकदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी पाहावी.

सावजी जेवण आता देशभर प्रसिद्ध आहे. ही तर चांगलीच गोष्ट ना?

धंद्याला चांगली. पण खाण्याचे व्हिडिओ पाहा: तेलाचा तवंग, घाम पुसणारा पाहुणा, 'सगळ्यात तिखट' असा मथळा. सावजी ही मुळात हलबा कोष्टी समाजाची, विणकरांच्या घरातली रांधण. मसाला भाजण्याची आणि वाटण्याची तिची स्वतःची रीत आहे आणि घरातली सावजी हॉटेलपेक्षा बरीच सौम्य असू शकते. जगापुढे मांडताना एखाद्या गोष्टीचा एकच गुण उचलला जातो आणि मग दुकानदारही तोच वाढवत नेतात. हातमाग बंद पडत गेले आणि विणकरांचा मसाला नावारूपाला आला, हा इतिहास प्लेटबरोबर सांगायला कोणाची हरकत असेल?

व्हॅलेंटाइन, हॅलोवीन, संगीत-मेहंदी... हे सगळं थांबवायचं का?

नको. तरुणांना आनंद मिळतो तर करू द्या. फक्त लग्नात पिवळे कपडे आणि फोटोवाल्याच्या सूचना यांच्या गडबडीत हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायकांना कोपऱ्यात बसवू नका. त्यांच्या हातात माइक द्या.

गोंडी भाषेचा या चर्चेशी काय संबंध?

फार जवळचा. हे शहर १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने वसवलं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख होते, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांत विखुरलेले. इतके असूनही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. मराठी जशी हिंदीच्या दाबाबद्दल तक्रार करते, तशी गोंडी मराठीबद्दल करू शकते, आणि आपल्याला ते ऐकून घ्यावं लागेल.

इथे तंत्रज्ञान मदतीलाही आलं. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली, आणि आदिलाबादकडे हस्तलिखितांत सापडलेली गुंजाला गोंडी लिपी पुढच्या वर्षी. म्हणजे आता मोबाइलवर ती उमटू शकते. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वरा या उपक्रमाने साध्या फोनवरून गोंडीत बातमी नोंदवण्याची आणि ऐकण्याची सोय केली. तिला इंटरनेट किंवा अक्षरओळख लागत नव्हती.

इतकं सगळं मोबाइलवर फुकट असताना झाडीपट्टीची नाटकं कशी टिकली?

कारण ती तिथल्या लोकांच्या जगण्याच्या वेळापत्रकात बसलेली आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर पीक हाती येतं, मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, पाहुणे येतात आणि रात्रभर नाटक होतं. देसाईगंज-वडसा हे कंपन्यांचं मुख्य ठाणं. लोक तिकीट काढून येतात, सकाळी घरी जातात. २०२३ मध्ये या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

या रंगभूमीवर सिनेमातली गाणी येतात, टीव्हीवरचे चेहरेही बोलावले जातात. जाणकार त्यावर नाराज असतात आणि त्यांची नाराजी योग्यही आहे. दंडार आणि खडी गंमत हे जुने लोकनाट्याचे प्रकार मागे पडले. तरी इथे लिहिणारा, नाचणारा, पेटी वाजवणारा आणि पडदा रंगवणारा माणूस हंगामात पोट भरतो. संस्कृती टिकते ती करणाऱ्याला करत राहता येतं तेव्हा. नागपुरातल्या आपल्या चर्चा बहुतेक वेळा 'काय पाहू नये' यावर असतात. 'कोणाला कामाचे पैसे द्यावेत' यावर आपण कधी बोलत नाही.

सरकारने कायदा करून काही होईल का?

थोडंफार होतं. फ्रान्समध्ये १९९६ पासून रेडिओवर ठरावीक प्रमाणात फ्रेंच गाणी वाजवणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशाने ओटीटी मंचांच्या यादीत किमान ३० टक्के युरोपीय निर्मिती मागितली. दक्षिण कोरियात चित्रपटगृहांना वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवावे लागत. २००६ मध्ये ते ७३ केले. महाराष्ट्राने २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यायला सांगितलं.

पण कोटा दार उघडतो, आत येणारं काम आपल्यालाच करावं लागतं. कोरियाने नियमांबरोबर लेखन, प्रशिक्षण आणि निर्मितीवर पैसा लावला. २०२१ साली 'स्क्विड गेम' या ज्या कोरियन मालिकेने जग वेडं केलं तिच्यात त्यांच्या गल्लीतले लहानपणीचे खेळ होते. भारतानेही २००६ मध्ये सांस्कृतिक वैविध्याचा युनेस्को करार मान्य केला आहे, आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. या दोन्हीतून विदर्भाच्या वाट्याला काय येतं, हे आमदार-खासदारांना विचारण्याजोगं आहे.

आमच्या मंडळाकडे जुन्या भजनांच्या आणि भुलाबाईच्या गाण्यांच्या कॅसेट आहेत. काय करावं?

सगळ्यात आधी त्या माळ्यावरून खाली काढा. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा चुंबकीय फितीला घातक असतो. बुरशी दिसली तर वाजवून पाहू नका, जाणकाराकडे न्या. चांगल्या असतील तर नीट चालणाऱ्या प्लेअरवरून संगणकात घ्या आणि मूळ प्रत वॅव्ह स्वरूपात ठेवा. एमपी३ फक्त पाठवण्यासाठी. प्रती किमान तीन, वेगवेगळ्या घरी.

नोंद त्याच दिवशी लिहा: कोण गातंय, कुठल्या गावचं, साधारण कोणतं साल, कोणता प्रसंग. ज्या बाईचा आवाज आहे ती हयात असेल तर तिच्याजवळ बसून ऐका, अडलेले शब्द विचारून घ्या आणि इंटरनेटवर टाकण्याआधी तिची परवानगी घ्या. टाकताना वर्णन मराठीत आणि सविस्तर द्या; शोधणाऱ्याला ते त्या वर्णनातूनच सापडतं. आणि फक्त एका मंचावर ठेवू नका. एक प्रत जवळच्या वाचनालयात द्या, तिथे ऐकायची सोय करता आली तर शाळेच्या मुलींना घेऊन जा.